रेडिओवाल्याने थांबवलेली टेप

रेडिओ दुरुस्त करायचा म्हणून सगळे त्याला रेडिओवालाच म्हणत. दर रविवारी चर्चमधली उपासना टेप करायची आणि अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना ती घरपोच द्यायची, हे काम त्याने तीस वर्षं इमानेइतबारे केलं. माणूस अगदी नाकासमोर चालणारा. पाळकसाहेबांनी नुसती भुवई उचलली तरी याचं बोट बटणावर!

बायको मात्र वेगळ्याच मुशीतली. इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुवायची. "तुझ्यापेक्षा तुझे रेडिओ जास्त बोलतात," असं म्हणून याला चिडवायची. वाफेने हात भाजलेल्या तिथल्या तिघींना कामावरून काढलं, तेव्हा ती भर उपासनेत उभी राहून बोलू लागली. इस्पितळाचे मोठे साहेब पहिल्याच बाकावर बसलेले. पाळकसाहेबांनी याच्याकडे पाहिलं आणि याने टेप थांबवली. अंगवळणीच पडलं होतं ना.

तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. घरात तिचा चष्मा आहे, चपला आहेत. आवाज असलाच तर त्या एका टेपवर, आणि ती लावायचं याचं धाडस होत नव्हतं. मुकी यंत्रं बोलती करण्यात जन्म गेला, आणि बायकोच्या आवाजासाठी हा माणूस झुरत होता. काय म्हणावं याला!

मग एक कलाकार मुलगी आली. अन्यायाविरुद्ध बोललेल्या, पण कुणी दखलच न घेतलेल्या साध्या ख्रिस्ती माणसांचे आवाज ती गोळा करत होती. अंधाऱ्या हॉलमध्ये ते चहूबाजूंनी ऐकवणार होती. याने शेवटी ती टेप लावली.

"मंडळी, मला थोडं बोलायचंय. आमच्यातल्या तिघींचे हात..." आणि खट्.

"पुढे काय म्हणाल्या त्या?" मुलीने विचारलं.

याने ते ऐकलंच नव्हतं. बायको बोलत होती तेव्हा हा पाळकसाहेबांच्या तोंडाकडे बघत होता.

"चार मिनिटं बोलली," एवढंच तो म्हणाला. "तेवढी जागा रिकामी ठेव, पोरी."

तिने ठेवली. आता हा रोज त्या हॉलमध्ये जातो, बायकोचा आवाज येतो त्या स्पीकरखाली खुर्ची ओढून बसतो. तिचं वाक्य येतं, खट् होतं. पुढचं एकदा तरी कानी पडावं म्हणून पुरती चार मिनिटं तो मान वर करून बसून राहतो.

परवा शेजारी बसलेल्या बाईने हळूच विचारलं, "काका, बिघडलंय का हो हे?"

"नाही," तो म्हणाला. "मी बंद केलं होतं."