घरी येऊन ब्लॉक करणारे दादा

"तुमाला ब्लॉक केलाय. सांगायला आलो."

चप्पल न काढता, दारातच उभं राहून दादा एवढंच बोलायचे. तळोज्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो, ते बॉयलरवर. निवृत्तीनंतर दोघंही रोडपालीत, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. जुन्या कामगारांच्या मोबाइल ग्रुपवर आमचं राजकारणावरून वाजलं, की संध्याकाळी दादा दारात हजर.

न सांगता ब्लॉक करणारे तुम्हीही पाहिले असतील. दादांना ते पटायचं नाही. "माणसाला तोंडावर सांगायचं, मंग कडी लावायची."

मी चहाला बोलवायचो. "आज नाय. आज आमी रागात हाय. पाणी चालंल." तांब्याभर पाणी पिऊन ते निघून जात. चार दिवसांनी परत येत. "उघडलाय तुमाला. तो परवाचा मुद्दा पुन्ना टाका, उत्तर तयार हाय." मग मात्र दोन कप चहा.

एकदा ते आले ते चेहरा पाडूनच. त्यांचा धाकटा भाऊ उरणजवळ, मोऱ्याला राहायचा. त्याला पाठवलेल्या मेसेजवर तीन दिवस एकच टिक होती.

"सख्ख्या भावानं ब्लॉक केलाय मला. सांगायला पण आला नाय."

"तुम्ही काय लिहिलं होतं?"

"गद्दार."

"मग त्याच्या बायकोच्या फोनवर बोला ना."

"म्हंजे मी नमलो? त्यापेक्षा जाऊन जाब विचारतो. तुमी साक्षीदार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी मोऱ्याला गेलो. जाब काय विचारायचा, ते दादा उरणपर्यंत मोठ्याने घोकत होते. भाऊ जेट्टीजवळच्या घराच्या ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता.

"मला ब्लॉक केला तू?"

"कसला ब्लॉक? होडीतून उतरताना मोबाइल पडला पाण्यात. चार दिवस झाले."

दादा ओट्यावर बसलेच. डोळे पुसले, वारा फार आहे म्हणाले. मग एकदम ताठ झाले.

"म्हंजे मी काय लिवलं ते वाचलंच नाय तू?"

"नाय."

"मग आता ऐक!"

दुपारपर्यंत दोघं भांडत होते. भावजयीने बोंबील वाढले, तेव्हा तोंडातला घास गिळण्यापुरते थांबले, एवढंच.

गेल्या वर्षी दादा गेले. पनवेलच्या इस्पितळात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला दादांच्या घरी मी आणि त्यांचा भाऊ शेजारी बसलो होतो. कुणीतरी निवडणुकीचा विषय काढला. तो एक बोलला, मी उलट बोललो, आवाज चढले. भान आलं तेव्हा सगळे आमच्याकडे बघत होते. आम्ही ओशाळून गप्प झालो.

आतून वहिनी, दादांच्या पत्नी, बाहेर आल्या. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्या दाराला टेकून बसल्या.

"थांबलाव कशाला? बोला की. किती दिवसांनी घरात आवाज झाला."

भावाने घसा खाकरला आणि माझ्याकडे वळून, जरा मोठ्यानेच, पुन्हा सुरुवात केली.