डब्यावरचा उंच पोरगा

जाहिरात करावी तर माझ्या पवनीच्या मामीनं. टीव्हीवाल्यांनी तिच्या चुलीपाशी येऊन शिकावं.

तिचा पोरगा, म्हणजे माझा मामेभाऊ, आठ वर्षांचा होता तेव्हा इतका बारीक होता की त्याच्या अंगातलं बनियन दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसायचं. मामी रोज चण्याचा सत्तू गूळ घालून दुधात कालवायची आणि हा ओठ घट्ट मिटून टीव्हीकडे बोट दाखवायचा. टीव्हीतला पोरगा कसलीशी भुकटी दुधातून प्यायचा आणि पुढच्याच मिनिटाला झाडावर अडकलेला पतंग उभ्या उभ्या काढायचा. याला तीच भुकटी पाहिजे होती.

मामीनं वाद घातला नाही. जवाहरनगरच्या क्वार्टरमधल्या बहिणीकडून त्या भुकटीचा रिकामा डबा आणला, घासला, वाळवला आणि त्यात सत्तू भरला. मग सुट्टीत आलेल्या मला कामाला लावलं. मी तेव्हा हेडमास्तरांपासून कुल्फीवाल्यापर्यंत सगळ्यांचे आवाज काढायचो. रोज सकाळी मी दाराआडून जाड आवाजात "उंची! ताकद! बुद्धी!" ओरडायचो आणि पोट्टं ग्लास चाटूनपुसून ठेवायचं. मामी चौकटीवर कोळशानं त्याच्या उंचीची रेघ मारायची. रेघ वर सरकली नाही तर त्याला पाटावर उभं करायची.

"पोट्टे जिभेनं नाही खात बापू," ती मला समजवायची, "डोळ्यानं खातेत."

दिवाळीत आम्ही तिच्या बहिणीकडे गेलो. मावशीनं भाच्यासाठी त्याच भुकटीचा नवाकोरा डबा फोडला. त्यानं एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मावशी, दुकानदारानं तुले फसवलं. हे डुप्लिकेट हाये."

मावशीचा चेहरा उतरला. मावसाजी डबा बगलेत मारून दुकानदाराशी भांडायला निघाले. मामीनं मला डोळ्यानंच पडद्याकडे खुणावलं. आता सत्तूचं बिंग फुटलं की उद्यापासून पोट्टं परत ओठ मिटून बसणार होतं.

मी पडद्यामागे गेलो आणि टीव्हीच्या आवाजात म्हणालो, "आता मिळत आहे, नव्या चवीत!"

"असं सांगा ना मग," म्हणत त्यानं ग्लास संपवला. मावसाजींनी पायात घातलेल्या चपला परत काढल्या.

तो पोरगा आता कुठल्याही दारातून वाकूनच आत येतो. यंदा मामी मोठ्या दुखण्यातून उठली, पण डॉक्टरांनी दिलेल्या ताकदीच्या पावडरला हात लावेना. शेवटी त्यानं ती पावडर सत्तूच्या त्याच जुन्या डब्यात भरली आणि मला पवनीला बोलावून घेतलं.

मी दाराआड उभा राहिलो. कोळशाच्या रेघा अजून चौकटीवर होत्या. बाकी सगळ्यांचे आवाज मला आजही जमतात, पण त्या दिवशी "उंची, ताकद" एवढंच कसंबसं निघालं.

मामीनं एक घोट घेतला. दाराकडे न पाहताच म्हणाली, "डुप्लिकेट हाये."

आणि सगळा ग्लास संपवला.