मुंडा बोकड

महाराष्ट्र झाला त्याच्या दोनेक सालं आगोदर मी लगन होऊन आर्णीजवळच्या तांड्यात आलती. सासरी एका बकरीनं शिंग मारलं अन् ननदेचा डोळा गेला. सासू मले म्हणे, "बकऱ्या आता तुह्या हाती. शिंगवाली एकही दारात नको."

मी फुलसावंगीच्या बाजारातून मुंडा बोकड आनला. मुंडा म्हणजे शिंगं नसलेला. बकऱ्याही साऱ्या मुंड्याच घेतल्या. पिल्लं झाले का मी त्याइच्या डोक्यावरून हात फिरवो. गुळगुळीत. लय खुशी वाटे.

सालभरानं कळलं. त्या पिल्लाइतल्या काही पाठी, म्हणजे तरण्या बकऱ्या, माजावरच येत नव्हत्या. मागून पाह्यलं त बकरी, पन आंगाले बोकडाचा वास. ना नर ना मादी. दोन-तीन पाठीइले शिंगं फुटलते, त्या मात्र व्याल्या. हे कोनाच्याच ध्यानात नाही आलं. माह्याही नाही.

माह्या लगनाले पाच सालं झालते, लेकरू नव्हतं. सासू विहिरीवर बायाइच्या समोर म्हणे, "चारापानी कोनाच्या हातचं खातेत? तिच्यासारख्याच झाल्या."

एक बाई म्हणे, "माय वो, मले नको देऊ तुह्या हातची भाकर!" साऱ्या हासल्या.

त्याच साली नवऱ्यानं दुसरी आनली. तिनं मुंडा बोकड इकला, बापाच्या घरचा शिंगवाला आनला. सासूनंही शिंगाचं नाव काढलं नाही. त्या बोकडाच्या साऱ्या पाठी नीट निघाल्या. तिले पोरगा झाला. मलेही वाटलं, खोट माह्याच हातात. तवापासून गाभन बकरीले मी हात लावला नाही. निंदन केलं, सरपन आनलं.

सवतीची नात आता जनावराइची डॉक्टरीन हाये. परवा तिले हे सांगतलं. ते म्हणे, "मोठी आजी, बकरीच्या बीजात शिंगाचं अन् मादीपनाचं शेजारी शेजारीच असते. दोन्ही एकाच खटक्यावर चालते. मायबाप दोन्ही मुंडे असले का काही पिल्लाइत दोन्हीकडून बिघडलेला खटका येते. शिंगं त येत नाहीच, पाठीचं मादीपनही बनत नाही. एक शिंगवाला असता त झालं नसतं."

"मंग माह्या हाताचं नव्हतं?"

"हाताचा काय संबंध वो आजी?"

सासू नाही, नवरा नाही. हासल्या त्या बायाही गेल्या. सांगू कोनाले?

दारात सवतीची गाभन बकरी बांधली होती. मुठीत सरकीची ढेप घेऊन हात पुढं केला. तिनं वास घेतला, मांगं सरली.

सवत घरातून म्हणे, "तुले वळखत नाही ते, बाई. खाली ठेव."

म्या खाली ठेवली. मंग तिनं खाल्ली.