बाबांच्या बोटावरचं जस्त

गणपतीच्या आधी माझी चुलत बहीण आमच्या पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात एका जिवंत पेशीचा फोटो घेऊन आली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते बरेच दिवस थांबलं नाही. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. ती मुंबईत संशोधन करायची. तिने एक रसायन बनवलं होतं. ते पेशीत शिरायचं, गप्प बसायचं आणि जस्त भेटलं की जांभळ्या बत्तीखाली हिरवं चमकायचं. त्या उजेडावरून पेशीत जस्त कुठे दडलंय ते कळायचं.

बाबा मूर्ती रंगवायचे. रंग म्हटला की त्यांना भान राहत नसे. त्यांनी फोटो जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"काय गो हिरवा हाय हा! आणि ही जिवंत हाय?"

"व्हय काका. फोटो काढला तेव्हा जिवंत होती."

फोटो लगेच भिंतीवर लागला.

आता माझं ऐका. मी रोह्याच्या एका कंपनीत प्रयोगशाळेत होते, वरसे गावात खोली घेऊन राहायचे, आणि रोज सांडपाण्यातलं जस्तच मोजायचे. माझ्याही काचपात्रात लालसर पाणी शेवटच्या एका थेंबाला लख्ख निळं व्हायचं. तो निळा मी बाबांना किती वेळा सांगितला होता! ते "बरं" म्हणायचे आणि मी जेवले का ते विचारायचे. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय! पण माझा एकही रंग त्या भिंतीवर कधी लागला नव्हता.

बहिणीने ते रसायन बाटलीत घालून आणलं होतं, छोटी बत्तीही होती. भरदुपारी आम्ही कारखान्याची दारं लावून घेतली. टिपकागदावर तिने थेंब टाकला. "हा नुसता कागद. हा काळाच राहील बघा काका. मग जस्त घालू."

बत्ती लावली तर नुसता कागदच हिरवा उजळला. ती गोंधळली. मला, खरं सांगते, गुदगुल्या झाल्या.

पण कारण मला क्षणात कळलं आणि राहवेना. "कागद बाबांनी दिला ना तुला? त्यांच्या हाताला सफेदा आहे. आपला हा पांढरा रंग म्हणजे जस्ताचंच भस्म!"

"काका, बघा हिचं डोकं!" बहीण खरोखर खूश झाली. तिचं हेच मला सहन व्हायचं नाही, तिच्यावर धड रागावताही येत नसे.

बाबांनी ऐकलंसुद्धा नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा दाबला. तिने थेंब टाकला, बत्ती धरली. अंगठ्याची एकेक रेघ हिरवी उजळली. बाबा लहान पोरासारखे हसले. मग तिने स्वतःचं बोट दाबलं. सकाळी आल्याआल्या ती मूर्तींना पांढऱ्या रंगाचा हात द्यायला बसली होती, तिचंही बोट उजळलं. त्यांच्या ठशाच्या अगदी शेजारी.

मग मी. मी नुकतीच एसटीने रामवाडीच्या थांब्यावर उतरून आले होते, रंगाला हातही लागला नव्हता.

कागद काळाच राहिला.

"तुझा नाय उमटला गो," बाबा म्हणाले. सहज म्हणाले.

"कसा उमटेल? मी रोह्याला असते," मी म्हणाले. आवाज चढला होता. सफेद्याचा डबा पुढ्यातच होता. मी त्यात अख्खा पंजा बुडवला आणि कागदावर थापला. "आता बघा!"

बहिणीने थेंब टाकायला बाटली उघडली, पण बाबांनी दार उघडलं. उजेड आला. ते माझ्या ठिबकणाऱ्या हाताकडे बघत होते.

"नको गो धुऊस, रंग फुकट जाईल. भरलाच हाय हात, तर गणपतीच्या त्या उंदरांना पांढरा दे. मी कधीची वाट बघतोय, तू कधी बसतंस."

मी उंदीर पुढ्यात ओढले. मला इतका आनंद झाला होता की त्याचाच मला राग आला.