ओफ्चारेक म्हणजे मेंढे

बातमी आली तेव्हा मी दौंडला औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घेत होतो. "काका, आप्पा गेले," एवढंच संतोष फोनवर म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि उरलेले सुट्टे पैसे खिशात टाकले. या वयात बातमी आत शिरायलाही वेळ लागतो…

खुटबावचे तुकाराम मेंढे, म्हणजे आमचे आप्पा, कुरकुंभच्या एका कंपनीत माझ्याबरोबर बॉयलरवर होते. आजोबांपर्यंत त्यांच्या घरी मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली. आप्पांना आडनावाचं कधी काही वाटलं नाही. त्यांच्या मुलाला, संतोषला मात्र वाटे. शाळेत पोरं त्याच्या मागून बेंऽऽ बेंऽऽ करत जायची. शिक्रापूरला नोकरी लागल्यावर त्यानं राजपत्रात जाहिरात देऊन आडनाव 'खुटबावकर' करून घेतलं. आप्पांना ते कळलं लग्नाची पत्रिका छापून आली तेव्हा. भांडले नाहीत. पत्रिका वाटल्या, अक्षता टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशी शिफ्टला आले.

पुढे कंपनीत नवीन मशीन बसवायला पोलंडचा एक इंजिनिअर आला. खिशावर नाव होतं, ओफ्चारेक. माझ्या मोडक्या इंग्रजीत मी अर्थ विचारला. त्यानं नीट समजावलं. त्यांच्या भाषेत मेंढी म्हणजे ओफ्त्सा, मेंढ्या राखणारा तो ओफ्चाश, आणि ओफ्चारेक म्हणजे धाकटा मेंढपाळ, नाहीतर मेंढपाळाचा मुलगा. घरात आता एकही मेंढी नाही, फक्त नाव राहिलंय, म्हणाला.

मी आप्पांना सांगितलं. ते त्या उंच, गोऱ्या माणसाकडे बघतच राहिले.

"म्हंजी आपल्यातलाच की वो! इचारा बरं, ह्याला कुनी हसतं का?"

मी विचारलं. त्याला प्रश्नच कळेना. त्यांच्याकडे लोहार, सुतार, गिरणीवाला, सगळ्यांची अशीच आडनावं, त्यात हसायचं काय?

आप्पांनी माझ्याकडून ते सगळं कागदावर लिहून घेतलं आणि सुट्टीच्या दिवशी एसटीनं शिक्रापूरला गेले. परत कामावर आले तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला संतोष?"

"त्येंच्यात चालतं म्हनला. आपल्यात न्हाई." त्यांनी बॉयलरच्या गेजवरचा दाब वहीत उतरवला. मग म्हणाले, "खोटं न्हाई बोललं पोरगं."

त्यानंतर हा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. काढायला हवा होता का… आता काय.

तेराव्यानंतर संतोषबरोबर मृत्यूची नोंद करायला ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक नवीन होते, कुणालाच ओळखत नव्हते.

"मयत मेंढे. माहिती देणारे खुटबावकर. तुम्ही मयताचे कोण?"

संतोषनं पिशवीतून राजपत्राची झेरॉक्स अर्धी बाहेर काढली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

"मुलगा," तो म्हणाला. पंख्याच्या घरघरीत ते ऐकू गेलं नाही.

"कोण?"

"पोरगा हाय मी त्यांचा."

इतकी वर्षं शिक्रापुरात घासून घासून साफ केलेली त्याची बोली एका दमात गावाकडे परतली होती. ग्रामसेवकांनी मान खाली घालून लिहून घेतलं. सही करताना संतोषचं पेन थोडा वेळ कागदावर नुसतंच टेकलेलं राहिलं. मग त्यानं 'खुटबावकर' अशीच सही केली, आणि बाहेर येऊन पायरीवर बसला. मी शेजारी बसलो.