दुसऱ्या भागाचा वानवळा

मी केलेला गेम बंद पडला, हे मी आण्णांपासून दोन वर्षं लपवलं. त्या वेळी ते मला फार शहाणपणाचं वाटत होतं. गेम बंद पडला तो त्यांनी दिलेल्या सल्ल्यामुळे, आणि हे कळलं तर ते मनाला लावून घेतील, म्हणून मी तोंड मिटून घेतलं. निदान स्वतःला मी तसं सांगत होते.

आण्णा म्हणजे माझे वडील. आमचं गाव शिरूर कासारकडचं. दसरा झाला की निम्मं गाव ऊस तोडायला कारखान्यांवर जातं, आणि आई-आण्णा त्या निम्म्यात. मी शाळेपायी आत्याकडे राहायचे. आत्याच्या मोबाईलमध्ये एका परदेशी कंपनीचा शेतीचा गेम होता. टोपीवाला एक शेतकरी, लाल कौलांचं घर, दारात विहीर. पेरलं की उगवायचंच. विहीर आटली तर एक बटण दाबायचं, ती काठोकाठ भरायची. इकडे आमच्या आडात जानेवारीतच बादली तळाला खरवडायची, आणि मी ओट्यावर बसून त्या परक्या माणसाची विहीर भरत राहायचे. माझा जीव होता त्या टोपीवाल्यावर. हसायचं असेल तर हसा.

गेम संपला की पाटी यायची: दुसरा भाग लवकरच. तो कधी आलाच नाही. मी बारावी झाले, बीडला कॉम्प्युटर शिकले, गावात परतून ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान टाकलं, तरी आला नाही. मग म्हटलं, आपणच करू. चित्रं काही मला जमत नाहीत. ती बाजू बीडला माझ्यासोबत शिकलेल्या उमापूरच्या मैत्रिणीने उचलली.

आमच्या दुसऱ्या भागात ते बटण नव्हतं. एवढाच फरक, आणि बाकीचं सगळं त्यातून आलं. विहीर आटते. टोपीवाला थोडे दिवस वाट बघतो, मग दाराला कडी घालतो आणि बायकोला घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढतो. पुढे उसाचा फड, पाचटाची खोपटी, डोक्यावर मोळ्या. शाळकरी मुलगी मागे गावात राहते, आणि खेळणाऱ्याला दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं. तिकडे मोळ्या बांधत बसलं की इकडे मुलगी उपाशी शाळेत जायची. हे करायला आम्हाला तीन वर्षं लागली. दुकानात येणारी पोरं टोमणे मारायची, "मॅडम, तुमच्या टोपीवाल्याला आमच्या टोळीत धाडा की. एक गडी कमी हाय."

आण्णांना तो गेम मी दसऱ्याच्या आधी दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मोळी अशी न्हाई उचलत, बाय. मान मोडंल त्याची." मग अंगणात कडब्याची पेंढी घेऊन, गुडघा आधी कुठला टेकवायचा, हात कुठं घालायचा, ते त्यांनी तीनदा करून दाखवलं. मैत्रिणीने ती चित्रं पुन्हा काढली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी विचारलं, "ह्यो टोपीवाला तुमचाच का?"

"न्हाई आण्णा. त्या कंपनीचा."

"म्हंजी बियाणं त्यांचं. मग त्यांना वानवळा धाडला का?"

शेतात नवं काही आलं, शेंगा असोत, हरभरा असो, की आधी चार घरी थोडं थोडं पोचवायचं, हा वानवळा आमच्याकडे अजून चालतो. आण्णांचा त्यातही एक कडक नेम. बियाणं ज्याच्याकडून आणलं, पहिला वानवळा त्याच्या घरी. तो पोचल्याशिवाय घरात कुणी दाणा तोंडात टाकायचा नाही. एका वर्षी आठ कोस चालत जाऊन ते तुरीच्या शेंगा देऊन आले होते.

मैत्रीण म्हणाली, "गप झाकून ठेव. कशाला सांगतीस?" तिचं खरं होतं आणि मला ते कळतही होतं. पण त्या लोकांनी पाठीवर हात ठेवावा, असं मलाही फार वाटत होतं. मी कंपनीला पत्र लिहिलं, तुमच्या बियाण्याचं हे पहिलं पीक, गोड मानून घ्या, आणि सोबत अख्खा गेम पाठवला. मग तो सगळ्यांसाठी फुकट खुला केला. टोळ्यांमधून तो या फोनवरून त्या फोनवर गेला. कुणीतरी मला फडावरून कळवलं की मोळी उचलायची रीत अगदी बरोबर आहे.

महिन्याच्या आत वकिलांचं पत्र आलं. भाषा सभ्य होती. तुमच्या प्रेमाबद्दल आभार, पण पात्रं, चित्रं आणि संगीत आमच्या मालकीचं आहे; सात दिवसांत सगळं काढून टाका, आणि तसं लेखी कळवा. कायदा त्यांच्या बाजूने होता. टोपीवाला त्यांचाच, हे मी नाकारत नाही. पण तो कधी ऊस तोडायला जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं.

मैत्रीण रडली. म्हणाली, टोपी बदलू, घर बदलू, नाव बदलू. मी तिच्यावर ओरडले. दुसरा कुणी माणूस ट्रॉलीत चढला असता तर तो आमच्या गावातला आणखी एक झाला असता. ज्याची विहीर कधी आटली नाही, तोच चढायला हवा होता. तिसऱ्या दिवशी मी सगळं काढून टाकलं आणि तसं लेखी कळवलं.

त्याच आठवड्यात फडावरून आण्णांचा फोन आला. "आला का निरोप त्यांचा?"

"आला," मी म्हणाले. "आवडला त्यांना."

ते इतके खूश झाले की फोन ठेवायचं विसरले. टोळीतल्या कुणाला तरी ते ओरडून सांगत होते, ते मला ऐकू आलं. मी फोन कापला.

त्यानंतर मी त्यांचे फोन कमी उचलायला लागले. ते गावी आले की मी जेवणाच्या वेळेपर्यंत दुकानातच बसायचे. काही विचारलं तर हो, नाही, बघू. खोटं निभावणं अवघड जातं म्हणून मी टाळते आहे, अशी माझी समजूत होती.

यंदा गुढीपाडव्यानंतर धर्मापुरीचे मामा आले. मी चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा आण्णा त्यांना सांगत होते, "आमच्या लेकीचा वानवळा परदेशात पोचला. गोड लागला म्हणून निरोप आला त्यांचा."

कप माझ्या हातातच होते. मी म्हणाले, "त्यांनी बंद केला तो, आण्णा. तुमच्या त्या वानवळ्यापायी बंद केला. धाडला नसता तर त्यांना कळलंही नसतं!"

मामा चहा न घेताच शेरडं बघायच्या निमित्ताने उठून गेले. मला वाटलं होतं, आण्णा आता कोसळतील. दोन वर्षं मी याच क्षणाला भीत होते. आणि लाज वाटते सांगायला, पण त्या घटकेला ते कोसळावेत असंच मला वाटत होतं. त्यांना जपण्याचं सोंग होतं ते. माझ्या मनात त्यांच्याबद्दल नुसता राग साचला होता. पत्र लिहिणारी मीच होते, हे सोयीस्करपणे विसरून.

आण्णांनी गेमबद्दल एक शब्द विचारला नाही.

"कवा झालं हे?"

"तुमी फडावर गेलता तवाच. दोन वर्षं झाली."

"मग तू माझ्याशी बोलत नव्हतीस, ते यामुळं व्हय?"

मी मानेनंच हो म्हटलं.

त्यांनी मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर दुःख नव्हतं, सुटका होती, आणि तीच मला बघवेना.

"मला वाटलं, लेक शिकली, दुकानात बसती, आता तिला ऊसतोड्या बाप नगं झाला. तुझ्या आईलाबी म्या सांगितलं, दुकानाकडं जाऊ नगंस, चार लोकांत पोरीला लाज वाटंल."

दोन वर्षांत आई एकदाही दुकानात आली नव्हती. माझ्या ते ध्यानातसुद्धा आलं नव्हतं.