सुमनताई आणि सहा नाकं

मोशीतल्या त्या छोट्या लॅबमध्ये येणारा प्रत्येक माणूस आधी विचारतो, "रिपोर्ट कधी?" आणि सुमनताई प्रत्येकाला एकच उत्तर देतात, "जंतू उगवले की. त्यांना आपल्यासारखी घाई नसते."

एकतीस वर्षं त्या हेच सांगताहेत. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेली चिंचवडची मुलगी मोशीच्या शेतकरी घरात आली, तेव्हा सासरच्यांना वाटलं, सून सुया टोचते. सून करत होती भलतंच. चपट्या काचेच्या ताटल्यांत रक्त घातलेली जेली ओतायची, तिच्यावर कुणाचा पू, कुणाची थुंकी फिरवायची, ताटली उबदार पेटीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काय उगवलं ते बघायचं. ताईंचे यजमान दौलतराव. त्यांच्या जमिनीवर आता बारा मजली सोसायटी उभी आहे. ते पाहुण्यांना सांगतात, "आमची शेती गेली. हिची मातूर जोरात हाय. रोज पीक."

ताईंना जंतूंचा राग येत नाही. टीबीचा जंतू आळशी, उगवायला कित्येक आठवडे घेतो. जुलाबाचे उतावळे, एका रात्रीत ताटली भरतात. ज्याचा त्याचा स्वभाव. राग येतो तो माणसांचा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद करणारी माणसं भेटली की ताईंचं डोकं फिरतं, आणि अशी माणसं त्यांना रोज भेटतात.

ज्योतीरामने मात्र सगळ्यांवर कडी केली.

परभणीकडचा हा तरुण चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सहा वर्षं कांदे चिरत होता. म्हातारा आचारी गावी गेला आणि खंडेनवमीचं जेवण याच्याकडे आलं. त्या दिवशी कंपनीत यंत्रांची पूजा होते, कामगार बायकापोरांना घेऊन येतात. चारशे पानं, वर बासुंदी. आणि नेमकं ज्योतीरामच्या उजव्या हाताच्या बोटाला गळू झालं. कॅन्टीनचा कंत्राटदार म्हणाला, लॅबचा स्वच्छ रिपोर्ट आण, नाहीतर पुण्याहून आचारी मागवतो, तू आपले कांदे घे.

पहिल्या ताटलीवर सोनेरी, गोल, चकचकीत ठिपके उगवले. "स्टॅफ. गळवांचा जंतू," ताई म्हणाल्या. "बघ किती देखणा आहे." डॉक्टरांनी गळू फोडलं, सात दिवसांच्या चौदा गोळ्या दिल्या. आठव्या दिवशी ज्योतीराम परत आला, तर बोट पुन्हा ठणकत होतं. ताटलीवर पुन्हा सोनं. खंडेनवमीला राहिले तेरा दिवस.

"गोळ्या सगळ्या घेतल्यास?" ताईंनी विचारलं.

"घेतल्या की, ताई. एक बी उरली न्हाई."

"चौदाच्या चौदा?"

ज्योतीराम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागला. "म्हंजी, माझ्या वाट्याच्या घेतल्या. खोलीवर आम्ही सहाजण. आणखी दोघायला फोडं आलते, बाकीच्यायला येतील म्हणून... प्रत्येकी दोन दोन. दोन उरल्या, त्या मला, आजारी म्हणून."

ताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लाडू होते का ते?"

"आमच्या खोलीवर काय बी आलं की सहा वाटे होतात, ताई. न्हाई दिलं तर बरं दिसत न्हाई."

"मग आणखी काय काय वाटून घेता?"

यादी निघाली. सहाजणांत तीन गाद्या, कारण तिघं दिवसपाळीला तर तिघं रात्रपाळीला. दोन टॉवेल. दाढीचं एकच यंत्र, पाती मात्र महिन्याला नवी, हे त्याने अभिमानाने सांगितलं.

"म्हणजे जंतूलासुद्धा तुम्ही खोलीत घेतलात," ताई म्हणाल्या. "सातवा भिडू."

त्याच संध्याकाळी, पाळ्या बदलताना सगळे सापडतील म्हणून, त्या स्कूटरवर बसून खोलीवर गेल्या. सहाजणांना भिंतीशी ओळीने बसवलं आणि प्रत्येकाच्या नाकात कापसाची काडी फिरवली. स्टॅफ बरेचदा नाकात मुक्काम करून असतो, तिथे तो काही त्रास देत नाही, बोटाने तिथून बाहेर पडला की मग उद्योग करतो. दोघांना इतक्या शिंका आल्या की ताईंनी पदर तोंडावर घेतला. सहापैकी तीन नाकांत सोनं सापडलं, त्यात एक ज्योतीरामचं. डॉक्टरांनी तिघांना नाकात लावायचं मलम दिलं, ज्योतीरामला पुन्हा गोळ्या. सहा टॉवेल, सहा दाढीची यंत्रं आली. चादरी गरम पाण्यात पडल्या. गोळ्यांची पट्टी ताईंनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. "सकाळ-संध्याकाळ इथे यायचं आणि माझ्यासमोर गिळायची. वाटायला माझ्याकडे कुणी नाही."

"आगं, त्या पोराला जेवायला तरी घाल," दौलतराव म्हणाले. "येतोय रोज दोन येळा. सासुरवाडी म्हणत्यात लोक."

एका संध्याकाळी ज्योतीराम म्हणाला, "ताई, बासुंदी मी दोन तास उकळणार. जंतू वाचंल का?"

"जंतू नाही वाचणार. पण दूध निवल्यावर तू त्यात बोट घातलंस, आणि ते तसंच तासन्‌तास राहिलं, तर जंतू त्यात विष सोडतो. ते विष मग कितीही उकळ, जात नाही. चारशे माणसं घरी पोचायच्या आधी उलट्या करतील."

त्या दिवसापासून ज्योतीराम पाच मिनिटं आधी येऊ लागला.

रविवारी, खंडेनवमीच्या तीन दिवस आधी, पुन्हा काडी फिरली. सोमवारी बोटाची ताटली कोरी होती. नाकाच्या ताटलीवर मात्र एकच पांढरा ठिपका.

लॅबचे मालक डॉ. अनंत म्हणाले, "ताई, पांढरा आहे, साधाच असणार. लिहून टाका."

"असणार हा शब्द रिपोर्टात बसत नाही, डॉक्टर. कोवळा असताना सोनेरीसुद्धा पांढरा दिसतो."

त्यांनी दोन नळ्या घेतल्या. दोन्हींत रक्ताचा पिवळसर, पातळ भाग. एकीत ज्योतीरामचा जुना सोनेरी जंतू सोडला, दुसरीत हा नवा पांढरा. नळ्या उबेला ठेवल्या आणि ज्योतीरामला बाकावर बसवून समजावलं, "हे विरजण आहे असं धर. गुन्हेगार असेल तर दही लागतं. साधा असेल तर पातळच राहतं."

"म्हंजी दही लागू नये?"

"लागू नये."

"आयुष्यभर दही लागावं म्हणून झाकणं ठेवली, ताई. आता काय म्हणू देवाला?"

चार तासांनी पहिली नळी तिरपी केली. घट्ट कवडी दही, हलेना. दुसरी पातळ. ज्योतीराम उठलाच. ताईंनी त्याला परत बसवलं, "उद्या सकाळपर्यंत ठेवायची. काही आळशी असतात."

मंगळवारी सकाळी दुसरी नळी तिरपी केली, तर पाण्यासारखा थेंब काचेवरून सरळ खाली आला. ताईंनी ती पुन्हा तिरपी केली, मग ज्योतीरामच्या हातात दिली. त्याने सहा वेळा तिरपी केली.

"साधा," ताई म्हणाल्या. "माझ्याही नाकात असेल."

मग त्या रिपोर्ट लिहायला आत गेल्या, डॉ. अनंतांची सही घेतली, बाहेर येऊन बघतात तो बाक रिकामा. गडी दूध उतरवून घ्यायला चाकणला पळालाही होता. कागदाशिवाय त्याला कढईजवळ कोण उभं करणार? ताईंनी कागद पर्समध्ये घातला, हेल्मेट चढवलं आणि नाशिक रस्त्याच्या कंटेनरांना शिव्या घालत कंपनीचं फाटक गाठलं.

कंत्राटदाराने रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला. "मॅडम, तुम्ही स्वतः आलात?"

"तुमचा आचारी रिपोर्ट विसरून दूध घ्यायला धावला. याचा अर्थ माणूस कामाचा आहे. हातमोजे द्या त्याला."

आतून ज्योतीराम एप्रन बांधत आला. मोठ्या कढईत दूध पडायला सुरुवात झाली होती. "ताई, उद्या जेवायला यायचं. दौलतकाकायला घेऊन."

"येऊ. आधी नखं दाखव."

त्याने दोन्ही हात पुढे केले. ताईंनी दहाही नखं बघितली, मान हलवली, आणि तो कढईकडे वळला.